फुफ्फुसदाहात प्रतिजैविके : कोणते, केव्हा आणि किती

जबलपूरच्या पूर्वेकडील खमरिया हे नाव देशाला परिचित आहे ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे उभारलेल्या आयुधनिर्माणीमुळे. त्याच बाजूला परियट नदीच्या काठाने म्हशींचे मोठमोठे गोठे आहेत. त्यांतील शेण व सांडपाणी नदीत मिसळण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला, आणि या गोठ्यांची सार्वजनिक चर्चा बहुतेक तेवढ्यापुरतीच होते. पशुआरोग्याच्या दृष्टीने पाहता शहरालगतच्या अशा प्रत्येक गोठ्यात श्वसनरोगांना हवी असलेली सर्व सामग्री एकत्र आलेली असते. जनावरे दाटीने बांधलेली असतात, जमीन ओली असते, मूत्रातून उठणारा अमोनिया बंद हवेत कोंडलेला असतो आणि बाजारातून नवी म्हैस सतत येत असते. नागपूर, पुणे वा सोलापूरच्या सीमेवरील गोठ्यांत पाऊल टाकले तरी चित्र फारसे निराळे दिसत नाही. म्हणून प्रस्तुत लेखातील खमरियाचा संदर्भ महाराष्ट्रातील वाचकांनी आपल्या गावाचा समजून वाचण्यास हरकत नाही.

गाय व म्हैस यांचे फुफ्फुस शरीराच्या मानाने लहान असते आणि लहान लहान कप्प्यांत विभागलेले असते. एका कप्प्यात हवा गेली नाही तर शेजारच्या कप्प्यातून ती वळवून घेण्याची सोय फारशी नसते. घोड्याच्या तुलनेत श्वसनाची राखीव क्षमताही बेताचीच. त्यामुळे जंतुसंसर्गाने फुफ्फुसाचा काही भाग निकामी झाला की जनावर लवकर हतबल होते, आणि तो भाग एकदा घट्ट होऊन पुवाने भरला की रक्तातून येणारे औषध तेथे पुरेसे पोहोचत नाही. फुफ्फुसदाहावरील प्रतिजैविकांचे यश औषधाच्या किमतीपेक्षा पहिली मात्रा किती लवकर मिळाली यावर अधिक अवलंबून असते, ते या कारणाने.

रोग ओळखण्याचा प्रश्न

खोकणारे प्रत्येक जनावर प्रतिजैविकाचे गिऱ्हाईक नव्हे. श्वसनाचे अनेक विकार विषाणूंपासून सुरू होतात आणि विषाणूवर प्रतिजैविकाचा काहीही परिणाम होत नाही. फुफ्फुसातील कृमींमुळे वासरे व रेडके खोकतात, त्यांना जंतनाशक हवे असते. धुरळा, बुरशी धरलेला कडबा, अमोनिया यांनीही ठसका लागतो, आणि तेथे गोठ्याची हवा सुधारणे हाच उपचार ठरतो. मात्र विषाणूने वा प्रवासाच्या ताणाने श्वसनमार्गाचे संरक्षण ढिले पडले की एरवी नाकात आणि घशात निमूट राहणारे जंतू खाली उतरतात. पाश्चुरेला मल्टोसिडा व मॅनहायमिया हिमोलिटिका हे त्यांतील प्रमुख. शेळ्यामेंढ्यांमध्ये पीपीआर या विषाणूजन्य रोगानंतर होणारा फुफ्फुसदाह पुष्कळदा याच जंतूंचा असतो. पीपीआरमध्ये प्रतिजैविक दिले जाते ते या पाठीमागून येणाऱ्या जंतूंसाठी, मूळ विषाणूसाठी नव्हे, हे पशुपालकाला सांगावे लागते. अन्यथा कळपातील निरोगी शेळ्यांनाही तीच सुई टोचण्याचा आग्रह धरला जातो.

प्रतिजैविकाची गरज असलेला फुफ्फुसदाह ओळखण्यास थर्मामीटर आणि घड्याळ ही दोन साधने पुरेशी उपयोगी पडतात. म्हशीचे तापमान साधारण 101 ते 102 अंश फॅरनहाइट असते, ते 104 च्या वर गेले, चारा सुटला, दूध एकदम घटले आणि श्वास जलद झाला तर विलंब करू नये. शांत उभ्या असलेल्या प्रौढ जनावराचा श्वास मिनिटाला सुमारे 15 ते 30 वेळा चालतो. बरगडीमागचा खळगा किती वेळा वर-खाली होतो हे मोजावे. उन्हात बांधलेली म्हैस निरोगी असूनही धापा टाकते, म्हणून ही मोजणी पहाटे करावी. मान पुढे ताणणे, कोपर छातीपासून दूर ठेवून उभे राहणे, तोंड उघडून श्वास घेणे ही पुढच्या अवस्थेची लक्षणे होत. ती दिसेपर्यंत थांबणे म्हणजे औषधाच्या हातून अर्धी संधी काढून घेणे.

घटसर्पाचा हिशेब याहूनही कठोर आहे. जबलपूरकडे ज्याला गलघोंटू म्हणतात तो हाच रोग. तोही पाश्चुरेला मल्टोसिडाचाच, परंतु येथे जंतू फुफ्फुसापुरते न राहता रक्तात पसरतात. म्हैस गाईपेक्षा या रोगाला अधिक बळी पडते. पावसाळ्याच्या सुरुवातीस अचानक तीव्र ताप येतो, लाळ गळू लागते, घशाखाली गरम व दुखरी सूज येते, श्वासात घरघर ऐकू येते आणि अनेकदा एका दिवसाच्या आत जनावर दगावते. गळ्याची सूज स्पष्ट दिसू लागल्यावर दिलेले प्रतिजैविक बहुधा व्यर्थ जाते. गोठ्यात एक म्हैस घटसर्पाने गेली की सर्वांचे लक्ष त्या मेलेल्या जनावराकडे लागलेले असते. वस्तुतः त्या घटकेला पाहायचे ते उरलेल्यांकडे. उरलेल्या प्रत्येक जनावराचे तापमान सकाळ-संध्याकाळ घ्यावे आणि ज्याला ताप आढळेल त्याला, ते चारा खात असले तरी, पशुवैद्यकाकडून त्याच दिवशी उपचार सुरू करावेत. साथीत जनावरे वाचतात ती अशीच.

औषधाची निवड

गावोगावी परिचित असलेले ऑक्सिटेट्रासायक्लिन अजूनही फुफ्फुसदाहातील उपयुक्त औषध आहे. त्याचे जुने व्यापारी नाव टेरामायसिन. लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे माती. 1950 च्या सुमारास अमेरिकेत मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्यावरून हे नाव पडले. हे औषध जंतूंची प्रथिननिर्मिती रोखते, फुफ्फुसाच्या ऊतींत चांगले उतरते आणि पाश्चुरेलाबरोबर मायकोप्लाझ्मावरही चालते. दीर्घकाळ टिकणाऱ्या स्वरूपात त्याची एक मात्रा सुमारे तीन दिवस पुरते. ते शिरेतून वेगाने दिल्यास जनावर कोसळू शकते, म्हणून हे काम प्रशिक्षित हातानेच व्हावे.

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन ही औषधे जंतूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतात. मायकोप्लाझ्माला अशी भित्तिकाच नसते. त्यामुळे शेळ्यांच्या सांसर्गिक फुफ्फुसदाहात, जेथे कारण मायकोप्लाझ्मा असते, पेनिसिलिनची कितीही इंजेक्शने दिली तरी गुण येत नाही. तेथे टेट्रासायक्लिन किंवा टायलोसिनच्या गटातील औषधे निवडावी लागतात. घटसर्पात सल्फा गटातील औषधे पूर्वीपासून वापरात आहेत आणि वेळेत दिली तर आजही गुण देतात.

एन्रोफ्लॉक्सासिन आणि सेफ्टिऑफर किंवा सेफ्ट्रायाक्सोन ही नावे अलीकडे विस्तार कार्यकर्त्यांच्या कानी सर्वाधिक पडतात. ती प्रभावी आहेत यात शंका नाही. परंतु माणसाच्या गंभीर आजारांत जी शेवटची भरवशाची औषधे समजली जातात त्यांच्याच कुळातील ती आहेत. क्विनोलोन गट आणि तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन यांना जागतिक आरोग्य संघटनेने मानवी उपचारासाठी सर्वोच्च प्राधान्याच्या अतिमहत्त्वाच्या औषधांत गणले आहे. अमेरिकेने 2005 मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिनचा वापर बंद केला. भारताने 2019 मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्नोत्पादक प्राण्यांसाठी बंद केले तेही याच विचाराने. साध्या औषधाने बरा होणारा रोग असताना पहिल्याच दिवशी ही औषधे काढणे चुकीचे आहे. काही सेफ्टिऑफर उत्पादनांच्या वेष्टनावर दूध वर्ज्य काळ शून्य असतो, आणि दूधविक्रीवर घर चालवणाऱ्याला त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. मोहाचे कारण मान्य करूनही निवड रोगावरून व्हावी, दुधाच्या हिशेबावरून नव्हे.

कोणत्या औषधाला जंतू दाद देतात हे प्रयोगशाळेत पाहता येते. जबलपूर येथे 1948 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचा ते आज भाग आहे, त्याला हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव दिलेले आहे. महाराष्ट्रात औंध, पुणे येथील रोग अन्वेषण विभाग आणि नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये हे काम करतात. नमुना पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी घ्यायचा असतो. चार दिवस तीन औषधे देऊन झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि दोष प्रयोगशाळेला दिला जातो. घटसर्पाच्या संशयाने जनावर दगावले असेल आणि ते कळायला उशीर झाला असेल तर पायाचे लांब हाड बर्फावर ठेवून पाठवावे. मज्जेत जंतू अधिक काळ ओळखण्याजोगे राहतात. उपचार मात्र अहवालासाठी थांबवू नयेत. अहवाल येतो तो दुसऱ्या जनावराच्या आणि पुढच्या साथीच्या उपयोगी.

तीस मिलीच्या बाटलीचे गणित

मात्रा वजनावर ठरते आणि वजन बहुधा डोळ्यांनी ठरवले जाते. येथे सर्वाधिक चूक होते. वजनकाटा नसेल तर शिवणकामाची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि आलेल्या संख्येला 660 ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते. ते अंदाजीच असते, परंतु नुसत्या नजरेपेक्षा बरेच जवळचे.

समजा, म्हशीचा घेर 76 इंच आणि लांबी 56 इंच आहे. 76 गुणिले 76 म्हणजे 5,776. त्याला 56 ने गुणल्यास 3,23,456. त्यास 660 ने भागता सुमारे 490 किलो वजन येते. पशुवैद्यकाने दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची किलोमागे 20 मिलिग्रॅम मात्रा लिहिली, आणि औषधात एका मिलीत 200 मिलिग्रॅम घटक आहे, तर या म्हशीला 49 मिली औषध लागते. दुकानातून 30 मिलीची एक बाटली आणून ती संपूर्ण टोचली, तर पशुपालकाच्या समजुतीनुसार ‘पूर्ण बाटली’ दिलेली असते. प्रत्यक्षात म्हशीला गरजेच्या सुमारे 61 टक्केच औषध मिळालेले असते. अशा अपुऱ्या मात्रेत नाजूक जंतू मरतात, चिवट जंतू उरतात, आणि तेच पुढे वाढतात. 49 मिली औषध एकाच जागी न टोचता वेगवेगळ्या ठिकाणी विभागून द्यावे लागते, हेही लक्षात असावे.

मात्रेइतकेच अंतर महत्त्वाचे, पण प्रत्येक औषधात सारखे नाही. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिनच्या बाबतीत औषधाची पातळी किती तास टिकून राहिली यावर परिणाम ठरतो. तेथे एक वेळ चुकली की जंतूंना उसंत मिळते. एन्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत पातळी एकदा किती उंच गेली यावर बरेच अवलंबून असते, म्हणून त्याची मात्रा तुकड्यांत विभागून देणे हानिकारक. दोन दिवसांत ताप उतरून चारा सुरू झाला की उपचार थांबवण्याची वृत्ती सर्वत्र आढळते. फुफ्फुसातील जंतू तोवर संपलेले नसतात. सामान्यतः 3 ते 5 दिवसांचा, पशुवैद्यकाने लिहिलेला, संपूर्ण क्रम पुरा करावा. उलट 48 ते 72 तासांत काहीच फरक नसेल तर तेच औषध पुढे न रेटता निदान पुन्हा तपासून घ्यावे.

निदान पुन्हा तपासताना एक प्रश्न आवर्जून विचारावा: गेल्या काही दिवसांत जनावराला तोंडाने काही पाजले होते काय? पोट फुगले म्हणून तेल, अशक्तपणा म्हणून काढा, ताप म्हणून गुळपाणी, हे सर्व बांबूच्या नळीने किंवा बाटलीने, जीभ ओढून व मान वर उचलून ओतले जाते. त्यातला घोट श्वासनलिकेत गेला की जो फुफ्फुसदाह होतो तो प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाही, कारण फुफ्फुसात तेल आणि पाल्याचा चोथा बसलेला असतो. घशाला सूज असलेल्या घटसर्पाच्या जनावराला तर गिळताच येत नसते. आमच्या मते श्वास लागलेल्या जनावराला घरी काहीही पाजू नये, हा एकच निर्बंध पाळला गेला तरी न्यूमोनियाची बरीच ‘असाध्य’ प्रकरणे उद्भवणारच नाहीत.

प्रतिजैविकाबरोबर ताप व दाह कमी करणारे औषध दिले जाते आणि त्याने जनावराला खरोखर आराम पडतो. येथे मेलॉक्सिकॅमचा आग्रह धरावा. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, म्हणून जनावरांसाठी ते 2006 मध्ये बंद झाले. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक ही औषधेही याच कारणाने 2023 मध्ये बंद झाली. माणसांसाठीच्या बाटलीतून डायक्लोफेनॅक जनावराला टोचणे हा त्या बंदीचा भंग होय.

दुधाचे काय करावे

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांतील 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला. प्रमाण 1.2 टक्के, म्हणजे घबराट पसरावी असे नाही. परंतु या 77 मध्ये सर्वाधिक नमुने मध्य प्रदेशातील होते आणि त्याखालोखाल महाराष्ट्रातील. या लेखाचा विषय असलेल्या दोन्ही प्रदेशांना ही नोंद थेट लागू पडते.

दूध उकळल्याने हे अंश पूर्णपणे नष्ट होत नाहीत. घरातील स्त्रियांच्या मात्र ते कधी कधी लक्षात येतात, कारण अशा दुधाला विरजण लागत नाही. दह्याचे जंतूही जंतूच, आणि औषध त्यांनाही रोखते. दूध संघाच्या टाकीत एका म्हशीचे असे दूध मिसळले तर संपूर्ण टाकी चाचणीत नापास होऊ शकते.

औषधाच्या वेष्टनावर दूध व मांस वर्ज्य काळ लिहिलेला असतो, तो शेवटच्या इंजेक्शनपासून मोजायचा असतो. पहिल्यापासून नव्हे. जानेवारी 2012 मध्ये औषध नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, ज्या औषधासाठी असा काळ निश्चित केलेला नाही तेथे दूध व अंडी यांसाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी किमान 28 दिवस धरावे लागतात. माणसांसाठीचे सेफ्ट्रायाक्सोन म्हशीला टोचले असेल तर वेष्टनावर दुधाचा काळ सापडणार नाही. तेथे 7 दिवसांच्या खाली येऊ नये.

आता व्यवहार. म्हैस आजारातही रोज 6 लिटर दूध देते असे धरले, उपचाराचे 4 दिवस व नंतरचे 7 दिवस मिळून 66 लिटर दूध विकता येत नाही. लिटरला 60 रुपये धरल्यास 3,960 रुपये. दूध ओतून द्या असा उपदेश करणाऱ्या कार्यकर्त्याने हा आकडा आधी स्वतः उच्चारावा, म्हणजे पुढचे बोलणे ऐकले जाईल. या दुधाचा वापर वासरे-रेडके यांच्यासाठी करावा असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, तो योग्य नाही. थोड्या थोड्या औषधाचे असे दूध पिणाऱ्या रेडकाच्या आतड्यात प्रतिरोधक जंतूच वाढीस लागतात.

टेट्रासायक्लिनचा मोठा भाग शेण-मूत्रावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. मातीतून सापडलेले औषध असे मातीत परततेही, पण या वेळी प्रतिरोधक जंतूंच्या सोबतीने. परियटच्या काठी जसे घडले तसे ते शेण नदीत गेले तर त्यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. उपचाराखालील जनावराचे शेण वेगळे काढून ढिगात घालावे, ढीग झाकून तापू द्यावा व अधूनमधून उलथावा. नीट तापून कुजलेल्या खतात औषधाचा अंश आणि जंतू दोन्ही लक्षणीय कमी होतात. ताजे शेण भाजीपाल्याच्या वाफ्यात टाकू नये.

हे सर्व टाळण्याचा स्वस्त मार्ग घटसर्पापुरता तरी उपलब्ध आहे. पावसाळ्यापूर्वी, मे-जूनमध्ये, दरवर्षी लसीकरण. पुण्यात औंध येथील शासकीय पशुवैद्यकीय जैविक उत्पादने संस्था आणि मध्य प्रदेशात महू येथील संस्था ही लस तयार करतात. बाजारातून आणलेली म्हैस दोन ते तीन आठवडे वेगळी बांधावी. जागा नसेल तर गोठ्याच्या ज्या टोकाकडून वारा बाहेर जातो त्या टोकाला बांधावी. हिवाळ्यात गारठ्याच्या भीतीने गोठा चारही बाजूंनी पोत्यांनी बंद केला जातो. जनावराच्या अंगावर थेट झोत येणार नाही एवढेच पाहावे आणि छताजवळची फट उघडी ठेवावी. गोठ्यात वाकून जमिनीजवळ श्वास घेतला असता डोळे चुरचुरत असतील, तर बसलेल्या म्हशीचे नाक रात्रभर त्याच हवेत असते.

पशुवैद्यकीय मदतीसाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश दोन्ही राज्यांत 1962 या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पथकाशी संपर्क साधता येतो. पथक येण्यापूर्वी कागदावर पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: ताप केव्हापासून व किती, श्वास मिनिटाला किती, छातीचा घेर व लांबी, शेवटचे लसीकरण कोणत्या महिन्यात झाले, आणि आतापर्यंत कोणते औषध किती मिली दिले. शेवटच्या इंजेक्शनची तारीख त्याच कागदावर पुढे नोंदवावी व तो कागद दुधाच्या बरणीजवळ टांगावा.